काचेवरचं कुंकू

लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर, नकाशांच्या गुंडाळ्यांना टेकून बसलेला तो मीच. शाळेचा सूक्ष्मदर्शक बोलतोय. मुलं मला दुर्बीण म्हणतात, शिपाईमामा मिशिन म्हणतात, आणि खोक्यावर जे लांबलचक इंग्रजी नाव छापलंय ते आजवर कुणी पुरतं वाचलेलं नाही. बारीक असेल ते मोठं करून दाखवायचं, एवढंच माझं काम. ते वाट्याला फार थोडं आलं, म्हणून आज जरा बोलावंसं वाटतंय.

माझा जन्म अंबाल्याचा. तिकडं माझ्यासारखे शेकडो रोज तयार होतात, त्यामुळं जन्माचा तोरा मिरवावा असं काही नाही. भुशात गुंडाळून मला खोक्यात घातलं, आणि पुण्याहून एका टेम्पोनं नसरापूरमार्गे वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या उतारावरच्या या सरकारी माध्यमिक शाळेत आणून उतरवलं. आठवी ते दहावी, तीन वर्ग, चार शिक्षक. माझ्यापुढं नारळ फुटला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. मला वाटलं, चला, चांगल्या घरी पडलो.

आणि घर चांगलंच होतं, खोटं कशाला बोलू. विज्ञानाला गोरख सर होते. माणूस भोरकडचा, बोलायला मोकळा, शर्टाच्या खिशात कायम एक कांदा. मला व्हरांड्यात उजेडाला मांडायचे, खालचा आरसा आभाळाकडं वळवायचे आणि पोरांना रांगेनं बोलवायचे. कांद्याचा पापुद्रा पाहून पोरं गप्प व्हायची. त्या गप्प होण्यात मला जो आनंद मिळायचा तो पुढं कुठल्याच हारात मिळाला नाही.

पण पटाला ओहोटी लागली होती. नसरापूरच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाड्या आता आमच्या दारावरून जायला लागल्या. पोरं कमी झाली की वर्ग बंद आणि शिक्षक जादा, असा हिशेब. मग मे महिना आला की आमचे सर लोक वस्त्या-वाड्या पालथ्या घालायचे. लग्नाला मुलगी दाखवावी तशी शाळा दाखवायची. गोरख सरांनी त्यात मला सोबत घेतलं. बायकोच्या जुन्या शालीत मला गुंडाळून मोटारसायकलवर पुढ्यात बसवायचे. म्हणायचे, हातच्या काकणाला आरसा कशाला, शाळा कशी आहे ते लोकांना प्रत्यक्षच दिसू दे.

पुढाऱ्यांना वाटतं, अडाणी माणसाला शाळेतलं काय कळतंय. मी सांगतो, फार कळतं. कुणी निकाल विचारायचं, कुणी एसटी परतीची किती वाजता ते. एकानं तर सरळ विचारलं होतं, सर, तुमची स्वतःची पोरगी कुठं शिकते? ती नसरापूरला त्याच पिवळ्या गाडीनं जात होती. सरांनी खरं ते सांगितलं, आणि त्या घरातून आम्ही चहा न घेताच उठलो.

तीन वर्षांमागं असेच आम्ही वरच्या धनगरवाड्यावर गेलो. घर हैबतीचं. शेळ्या, चार म्हशी, आणि सातवी झालेली थोरली मुलगी वैष्णवी. तिच्यापुढं तीन वाटा होत्या. नसरापूरला मामाकडं राहून शिकायचं, नाहीतर आमच्या शाळेत यायचं, नाहीतर शेळ्यांमागं जायचं आणि दोन वर्षांत लगीन. मामीच्या घरी पोरगी कामाला जुंपली जाईल ही भीती होती, आणि आमच्या शाळेत काही शिकवत नाहीत अशी आवई होती. हैबती तिसऱ्या वाटेकडंच झुकला होता.

सरांनी मला अंगणात दगडावर ठेवलं. म्हशींच्या डबक्यातलं थेंबभर पाणी काचेवर घेतलं आणि वैष्णवीला बोलावलं. तिनं डोळा लावला तो काढेचना. आत बारके जीव लुटुलुटू पळत होते. मग आजी ठकुबाईनं पाहिलं आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, लेकरावानी पळत्यात की. हैबती दोनदा पाहून गेला. वैष्णवीनं मात्र स्क्रू कसा फिरवायचा ते एकदाच विचारलं आणि पुढं स्वतःच फिरवायला लागली. इतके हात माझ्यावरून गेले, पण असा दुसरा हात मला लागला नाही.

तिची आई भागूबाई मात्र लांबच उभी होती. दुसऱ्या दिवशी ती एकटी डोंगर उतरून शाळेत आली. आधी तिनं मुलींच्या संडासाचं दार उघडलं, कडी आतून लागते का ते लावून पाहिलं, नळ सोडून पाहिला. भिंतीला पावसाची ओल कुठवर चढते ते हातानं चाचपलं. साहेब लोक तपासणीला येतात ते खुर्चीवरून उठत नाहीत, आणि या बाईनं अर्ध्या तासात शाळा उभी-आडवी पाहून घेतली. मग माझ्यासमोर येऊन थांबली.

"सर, हे यंत्र माज्या पोरीच्या हातात दिशीला का? का नुसतं दावून मागं घ्याचं?"

"हातात देईन," गोरख सर म्हणाले.

"आन् तुमची बदली झाल्यावर?"

"यंत्र शाळेचं आहे, माझं नाही. मी गेलो तरी ते इथंच राहील."

भागूबाईनं मान हलवली आणि पोरीचं नाव घातलं. सर मनापासून बोलले होते. मीही इथंच आहे, कुठं गेलो नाही. शब्द खरा ठरला म्हणायचा तर ठरला.

जूनमध्ये वैष्णवी दोन डोंगर तुडवत यायला लागली. सर मला हजेरीच्या क्रमानं पोरांच्या हाती द्यायचे, आणि आमच्याकडं हजेरीत आधी सगळी मुलं आणि मग मुली. तिचा नंबर शेवटून दुसरा. रोज ती टाचा उंचावून बघायची, आता आपल्यापर्यंत किती उरले. मुलींची नुकती सुरुवात झाली आणि सरांच्या बदलीचा कागद आला. जाताना त्यांनी मला पुसून खोक्यात ठेवलं आणि किल्ली वर्षाराणी बाईंच्या हातात दिली.

विज्ञानाला पुढं माणूस आलाच नाही. वर्षाराणी बाई मराठीच्या, त्यांच्याकडंच मुख्याध्यापकपण आलं आणि विज्ञानही. बाईंना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. पावसात एसटी चुकली की मुलींना स्वतःच्या खोलीवर न्यायच्या, पिठलं-भात घालायच्या. वैष्णवीची पाळी पहिल्यांदा शाळेत आली तेव्हा तिला जवळ घेऊन बसल्या होत्या. पण माझी त्यांना भीती वाटायची. शाळेत एकच नग, फुटला तर दुसरा कोण देणार? मग मी कपाटात राहिलो. धडा वाचून व्हायचा, खालचे प्रश्न सोडवून व्हायचे, प्रात्यक्षिकाचे गुण सगळ्यांना पोटभर मिळायचे. वैष्णवी पुस्तकात बघून माझं चित्र काढायची, झकास काढायची, एकेका भागाला नाव देऊन. मी तिच्यापासून चार हातांवर कपाटात बसलेला असायचो.

वर्षातून एकदा मात्र मी बाहेर निघायचो. खंडेनवमीला. शेतकरी औतं पुजतो, सुतार पटाशी पुजतो, तशी शाळा मला पुजायची. बाई टेबलावर धुतलेली चादर घालायच्या, झेंडूचा हार घालायच्या आणि ओलं कुंकू बोटावर घेऊन लावायच्या. आता मला कपाळ कुठलं? त्यांनी वरची गोल काच हेच कपाळ धरलं. भक्तिभावानं, नेमकं मधोमध. नंतर ओघळ आला म्हणून पदरानं पुसलं, ते पुसलं कसलं, सारवलं. पुढच्या वर्षी त्यावर नवं बोट. माझा डोळा गेला आणि कुणाला पत्ताही लागला नाही, कारण त्यातून बघायचं कुणी नव्हतंच.

नमस्कार मात्र सगळ्यांनी केला. माणसाची ही रीत मला अजून उमगलेली नाही. ज्याच्यावर जीव असतो ते तो वापरायचं सोडून ठेवणीत टाकतो, आणि मग त्याच्यापुढं हात जोडतो.

यंदाच्या दहावीचा निकाल शंभर टक्के लागला. वैष्णवी पहिली. तिचा फोटो फ्लेक्सवर चढला आणि फ्लेक्स एसटीच्या थांब्यावर लागला. वैष्णवी आईबरोबर दाखला न्यायला आली, त्याच दिवशी गुंजवण्याकडची मंगल आपल्या राजनंदिनीला घेऊन शाळा बघायला आली. पोर सातवी झालेली, मोठ्या डोळ्यांची. मंगलनं फ्लेक्स वाचला होता, पण ती फ्लेक्सवर भुलणारी नव्हती. तिनं बाईंना तोंडावरच विचारलं, "हितं शिकवत्यात का नुसतं पास करत्यात?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आठवीला चार पोरं कमी पडत होती. त्यांनी घाईघाईनं मला खाली काढलं, पदरानं वरवर लख्ख केलं, खोक्यातली कांद्याच्या पापुद्र्याची तयार काच कशीबशी बसवली आणि वैष्णवीला हाक मारली. म्हणाल्या, आमची पहिली आलेली मुलगीच दाखवेल.

वैष्णवीनं आरसा खिडकीकडं वळवला. तीन वर्षांनी तिचा हात लागला, आणि तो काहीच विसरला नव्हता. तिनं डोळा लावला. आत नुसतं लाल. तिनं स्क्रू फिरवला, ओढणीच्या टोकानं काच घासली, पुन्हा पाहिलं. वाळलेलं कुंकू काचेला चिकटून बसलं होतं, ते हललं नाही. तिला कळलं. मला शपथेवर सांगता येईल की तिला सगळं कळलं.

तिनं मान वर केली. समोर बाई होत्या, हात जोडल्यासारखे छातीशी धरून. बाकावर भागूबाई होती. वैष्णवीची धाकटी बहीण पुढच्या वर्षी इथंच आठवीत यायची होती, वर्ग राहिला तर.

"दिसलं ना गं?" भागूबाईनं विचारलं.

"दिसलं, आई." आणि मग मंगलकडं वळून ती पुस्तकातली ओळ न् ओळ बोलली, पेशी एकमेकींना चिकटून असतात, प्रत्येकीत एक केंद्रक असतं. भागूबाईचा चेहरा निवला. तिला वाटलं, सरांनी दिलेला शब्द शाळेनं पाळला.

मंगलनं सहज विचारलं, मग आता पुढं सायन्सच घेणार असशील. वैष्णवी म्हणाली, न्हाई, भोरला आर्ट्‌सला जाणार, ते आपल्याला न्हाई जमायचं. कुणी पुढं काही विचारलं नाही.

तेवढ्यात राजनंदिनी पुढं सरकली आणि तिनं डोळा लावला. बराच वेळ बघत राहिली. "आई, नुसतं लाल दिसतंय."

मला बोलता आलं असतं तर तेव्हा बोललो असतो.

"पयल्यांदा तसंच वाटतं," वैष्णवी हळू म्हणाली. "डोळा बसावा लागतो."

मंगलनं लेकीच्या डोक्यावर टपली मारली. "ताईला दिसतंय बग सगळं. तुलाच कळत न्हाई अजून."

प्रवेश झाला. बाईंनी डोळे टिपले आणि सगळ्यांना चहा सांगितला. वैष्णवी दाखला घेऊन मागं न बघता गेली. राजनंदिनी दारातून बाहेर पडेपर्यंत मुठीनं डोळा चोळत होती. शाळेत पाऊल टाकल्याच्या पहिल्याच दिवशी ती एक गोष्ट शिकून गेली, की खोट आपल्याच डोळ्यात आहे.

मी पुन्हा कपाटात आहे. माझी तक्रार ना बाईंवर, ना त्या पोरीवर. पण मे महिन्यात शाळा बघायला येणाऱ्या आयांनो, बापांनो, तुमच्या लेकराला माझ्यातून काही दिसलं नाही, तर त्याला टपली मारू नका. एक ओलं फडकं मागा, आणि आधी माझी काच पुसून बघा.