माझी दक्षिण भिंत आणि तुमचा वारसा

मी लेडलॉ मंडळींचं मातीचं घर बोलतोय. बोलतोय कसला, करवादतोय! दीडशेहून जास्त वर्षं ऊन, वारा, बर्फ सोसलं, कधी चकार शब्द काढला नाही. पण मागच्या वर्षी सरकारी लोकांनी मला 'वारसा' ठरवलं आणि माझ्या सहनशक्तीचा अंत झाला.

माझ्या जन्मकथेने त्यांच्या अहवालाची बत्तीस पानं खाल्लीत. इथे ती चार ओळींत उरकतो. एबेनेझर लेडलॉ आणि त्याची बायको ग्रिझेल स्कॉटलंडहून जहाजाने इथे, दक्षिण गोलार्धातल्या ओटागोला आले. या माळावर तेव्हा औषधालाही झाड नव्हतं. मग त्यांनी पायाखालची माती उकरली, तिच्यात माळावरचं गवत कापून घातलं, बैलांकरवी चिखल तुडवून घेतला आणि दीड हात जाडीच्या भिंती चढवल्या. अहवालात याला 'आद्य वसाहतकारांची लोकशैली' म्हटलंय. शैली म्हणे! हाताशी होतं ते थापलं, झालं.

मातीच्या घराचं मागणं ते काय असणार? डोक्यावर धड छप्पर, चुलीत थोडा विस्तव आणि वर्षाकाठी चुन्याची सफेदी. चुन्यातून भिंत श्वास घेते, आत शिरलेली ओल बाहेर पडते. लेडलॉंच्या तीन पिढ्यांनी नाताळाच्या आधी न चुकता बादली-कुंचला हातात घेतला.

चौथ्या पिढीत ग्रेगर आला. माणूस सोन्यासारखा, पण आळशी. सफेदीला कंटाळून त्याने एका उन्हाळ्यात माझ्या दक्षिण भिंतीला बाहेरून सिमेंट थापलं. "आता शंभर वर्षं बघायला नको," म्हणाला. आमच्याकडे दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फिरकत नाही. जमिनीतून चढलेली ओल सिमेंटमागे अडकली ती अडकलीच. चाळीस वर्षांत भिंत भिजल्या पावासारखी झाली. ग्रेगर बिचारा तोवर देवाघरी गेला होता, त्याला बोलायचीही सोय उरली नाही.

त्याची बायको मोरग आता पलीकडच्या विटांच्या घरात राहते. पण रोज सकाळी काठी टेकत येते, माझी चूल पेटवते आणि इथेच बसून चहा पिते. शेती तिचा पुतण्या कॅलम बघतो. त्याच्या गाईंच्या कुरणाला पाणी द्यायला चाकांवर गोल फिरणारं एक लांबलचक यंत्र आहे, आणि मी नेमका त्याच्या वाटेत.

"काकू, त्या ढिगाऱ्यापायी माझं अर्धं कुरण वाळतंय!"

"ढिगारा म्हणू नकोस. तुझा बाप जन्मलाय त्यात."

"मग बापाने पुन्हा कधी त्यात राहायचं नाव का नाही काढलं?"

मला कॅलमच्या बुलडोझरपासून वाचवायला मोरगने अर्ज केला आणि मी संरक्षित वास्तू झालो. ती इतकी खूश झाली की माझ्या ओट्यावर बसून तिने शेजारणींना केक वाटला. मीही खुळा, खूश झालो. पुढच्याच आठवड्यात वारसा कचेरीतली ब्रॉनविन स्पेट फाईल घेऊन आली.

"हे सिमेंट काढायचंय," मोरग म्हणाली. "हिवाळ्याच्या आत. नाहीतर भिंत बसेल."

"असं काढता नाही येणार, मोरगबाई. सिमेंट हासुद्धा वास्तूच्या इतिहासाचा एक थर आहे."

"कसला इतिहास? अगं, माझ्या नवऱ्याने कंटाळून थापलंय ते!"

"तेच तर. तुम्ही अर्ज करा, समिती बघेल."

समितीने बघितलं. मग नकाशे मागितले, फोटो मागितले, फोटो लहान आले म्हणून पुन्हा मागितले. नोव्हेंबरचा फेब्रुवारी झाला आणि माझ्या भिंतीला मूठभर फुगवटा आला. मरणाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या जन्मदाखल्याची नक्कल मागावी, तशातला प्रकार!

एका सकाळी कॅलमने फुगवट्यावर तळवा ठेवून पाहिला. "काकू, मला आता काहीच करायला नको. माझं काम हिवाळाच करणार."

मोरगने चहाचा कप खाली ठेवला, पडवीतला हातोडा उचलला आणि हाणला. सिमेंटचा टवका उडाला. चारपाच घावांत म्हातारीला धाप लागली. कॅलम बघत उभा होता. नुसतं उभं राहिलं तरी त्याचं भागणार होतं.

"दे इकडे," तो शेवटी वैतागून म्हणाला. "सांधे धरले तुझे, तर जेवण मलाच आणून द्यावं लागेल."

त्या दुपारी चाळीस वर्षांनी मी श्वास घेतला. तीन आठवडे भिंत वाऱ्यावर सुकली. मोरगने सफेदीला चुना भिजवला आणि नेमकी त्याच दिवशी ब्रॉनविन उगवली. ती तोंड उघडणार, तोच तिची नजर भिंतीवर खिळली. सिमेंटने आपल्याबरोबर चुन्याचे सगळे थर ओढून नेले होते. खालच्या मूळ लिंपणावर हात उमटलेले होते. पाच बोटं, शेजारी पुन्हा पाच. ते ग्रिझेलचे हात. सातवा महिना होता तिला, नवरा मेंढ्यांमागे गेलेला, ती भिंत तिने एकटीने लिंपली होती.

ब्रॉनविनचे डोळे भरून आले. "मोरगबाई, हे अमोल आहे. आता कुणी हात लावू नका. आपण इथे भिंतभर काच बसवू."

काच! पुन्हा कोंडमारा! याच्यापेक्षा ग्रेगर परवडला.

मोरगने आपला तळवा त्या पंजाजवळ नेला, पण टेकवला नाही. मग कुंचला बादलीत बुडवला.

"अहो, काय पुसताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय, पोरी. पण त्या बाईने ही भिंत दाखवायला नाही लिंपली. पोरं गारठू नयेत म्हणून लिंपली."

कुंचल्याच्या दोन फटक्यांत ते हात गेले. मला वाईट वाटलं नाही असं नाही. ग्रिझेल दीडशे वर्षांनी उजेडात आली होती, धड भेटलीही नाही.

ब्रॉनविन फाईलमध्ये लिहू लागली. मोरग म्हणाली, "सगळं लिही. मी काय केलं ते लिही. आणि भिंत उभी आहे, हेही लिही."

आता हिवाळा आलाय. भिंत कोरडी ठणठणीत आहे. दारावर नोटीस लागलीय: निकाल लागेपर्यंत आत जाण्यास मनाई. चूल थंड आहे. मोरग रोज येते, नोटीस वाचते आणि चहाची बाटली घेऊन पायरीवर बसते. समितीच्या मंडळींनो, दंड करायचा तर करा, आणखी बत्तीस पानं लिहायची तर लिहा. पण तोवर तिला आत येऊ द्या. बाहेर गारठा आहे हो, आणि ती एकोणऐंशी वर्षांची आहे.