इथल्या बायकांच्या मापाचा

...आणि तुटलेला तुकडा मात्र अगदी सरळ होता. खिडकीच्या उजेडात धरलेल्या एक्स-रेमध्ये, सुनिताच्या कमरेतल्या मणक्यात, स्क्रूचं अर्धं अंग निवांत रुतून बसलेलं; डोकं तेवढं कललेलं – कुणीतरी हाक मारल्यावर वळावं तसं. अलमासने फिल्म उलटी केली, पुन्हा सुलटी. तुटला होता. मी आखलेला, माझ्या नावाचा स्क्रू...

"वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"न्हाई उचललं, मॅडम," सुनिता म्हणाली.

मणक्यांची डॉक्टर अलमास शिरूर कासारच्या या शिबिरात दर महिन्याला यायची; सुनिताला तो स्क्रू गेल्या हंगामाआधी तिनेच बसवला होता. आज बाहेर जीपवाला आष्टी-आष्टी करत ओरडत होता. दसरा सरलेला, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात. सगळ्यांनाच घाई. तिच्या मनातही काहीतरी सारखं ऊठबस करत होतं – तिने पेन उघडलं, मिटलं, सुनिताच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बोट लावलं. "वर कर." अंगठा हलला नाही. नस दबत होती. हंगामाआधी पाठ पुन्हा उघडावी लागणार, नाहीतर हा पाय...

सुरुवातीच्या वर्षांत बाहेरून आलेले जाड स्क्रू इथल्या बायकांच्या अरुंद हाडात शिरताना एकदा हाड टक् करून फुटलं होतं. बोटांखाली. तो आवाज ती जेवताना ऐकायची, नमाजात ऐकायची. केजला अब्बांच्या गॅरेजमध्ये बसून तिने स्वतःच्या स्क्रूचं पहिलं चित्र काढलं, आणि जीपखाली स्प्रिंगचा पाटा बदलता बदलता अब्बा म्हणाले होते, "मोटा पाटा डालेंगे तो दूसरा कुछ टूटेंगा, बेटा." म्हणून तर स्क्रू बारीक केला. पुण्याच्या चाचणी-यंत्राने तो लाखो वेळा वाकवला, तुटला नाही. इथल्या बायकांच्या मापाचा – डॉक्टरांच्या परिषदेत टाळ्या पडल्या होत्या या शब्दांना. आता जाड करू, तर हाड फुटेल. बारीकच ठेवू, तर...

"डाक्टरीनबाई," वच्छलाबाई, सुनिताची सासू, दारातूनच म्हणाली, "तुमचं लोखंड माज्या सुनंपरीस नाजूक निघालं की."

"लोखंड नाही आजी, टायटॅनियम."

"मंग बरुबर हाय. नावच जिभंवर टिकंना, कमरंत काय टिकंल?"

सुनिता तोंडाला पदर लावून हसली. अलमासलाही हसू आलं, आणि त्याचाच राग आला.

"सुनिता, उचललं नाही, मग तुटलं कसं?"

"खरंच न्हाई, मॅडम. तुमी म्हन्लाव उचलू नगं, म्या एकदाबी वाकले न्हाई. मोळी ह्यांनीच उचलली. माज्या नुसती डोईवर दिली."

नुसती डोईवर. अलमासला ओरडावंसं वाटलं, आणि कुणावर ते सुचेना. हाड जुळण्याआधी, गेला सबंध हंगामभर, नुसती डोईवर...

"नवा टाका, मॅडम," बिभीषण, तिचा नवरा, भिंतीला टेकून म्हणाला. "पर तिला मोळी जमंल का, तेवढं सांगा. नवराबायकू मिळून एक कोयता असतुया. हिच्याबिगर म्या अर्धा. अर्ध्याला मुकादम न्हेत न्हाई. न्हाई जमायचं म्हन्लाव तर... आवंदा तसंच जाताव."

हो म्हणावं तर पुन्हा तुटेल. नाही म्हणावं तर ती हा मुका पाय ओढत फडात जाईल.

"कशी देता मोळी? दाखवा बरं."

बिभीषण ओशाळला. मग त्याने हवेतूनच काहीतरी उचललं, गुडघ्यावर घेतलं, हुंकार दिला आणि सुनिताच्या डोक्यावर ठेवलं. सुनिताची मान ताठली. हात वर गेले. कंबर किंचित उजवीकडे वळली, पोट आत गेलं, पाऊल आडवं पडलं – ट्रकला लावलेली फळी चढावी तसं. वच्छलाबाई सवयीनं पुटपुटली:

"डोईवं गं मोळी, फळी हाले पायाखाली,
मान नगं वाकवू बाई, लेक निजलं सावली."

काहीच नव्हतं तिच्या डोक्यावर, आणि तरी मणकान्‌मणका भरला होता. अलमास बघत राहिली. पुण्याच्या यंत्राला मी चालायला शिकवलं, वाकायला, वळायला शिकवलं... पण ही वळण चढताना घेते, ओझ्याखाली घेते, खाली न बघता घेते. मी हिच्या हाडाचं माप घेतलं. हिच्या दिवसाचं घेतलंच नाही.

"उतरू का, मॅडम?" सुनिता तशीच हात वर धरून म्हणाली. "का जमतंय म्हनायचं?"

बिभीषण बघत होता. अलमासच्या ओठांवर दोन्ही उत्तरं आली आणि दोन्ही तिला कुणा परक्या बाईची वाटली; आणि इतका वेळ आत ऊठबस करणारं ते काहीतरी पहिल्यांदाच एका जागी उभं राहिलं – सुनितासारखंच जड, ताठ, मान न वाकवता.