वाकड्या बोटांचं पिल्लू

"मान मुरगळायला आला असशील तर आधी पाय पूस," दार उघडता उघडता नोलानं सांगितलं.

आलो होतो त्याचसाठी. सकाळी तिच्या नवऱ्याचा, क्लॅरीचा, फोन आला होता. काल निघालेलं पिल्लू पायानं अधू आहे, येऊन उरकून टाक. अर्धांगवायूनं डावी बाजू गेली नसती तर असल्या कामाला त्यानं दुसऱ्याला बोलावलं नसतं. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कदीना गावच्या कोंबड्यांच्या प्रदर्शनात तो तीस वर्षं परीक्षक होता, आणि त्याच्या घरचा कायदा गावाला पाठ होता: तिसऱ्या दिवशी जे धड उभं राहत नाही, ते चौथा दिवस बघत नाही.

स्वयंपाकघरात टेबलावर बुटांचं खोकं, वर लटकता दिवा. आत लँगशान जातीचं काळं पिल्लू. दोन्ही पायांची बोटं मुठीसारखी आत वळलेली. उठायला जाई आणि घोट्यांवर बसे.

"धर त्याला," नोला म्हणाली. "मला याला बूट घालायचेत."

"मला दुसऱ्या कामाला बोलावलंय."

"क्लॅरीचं काम कुठं पळून जातंय? धर म्हटलं ना."

धरलं. न्याहारीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून तिनं नखाएवढे दोन तळवे कापले, एकेक बोट सरळ करून त्यावर टेकवलं आणि चिकटपट्टी लावली. एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी पिळलेले हात ते. पिल्लाच्या बोटांना मात्र ते जपून लागत होते.

पलीकडच्या खोलीतून क्लॅरी ओरडला, "लेस, उरकलं का?"

"उरकतोय!" मी म्हणालो. परीक्षकाशी मी आजवर खोटं बोललो नव्हतो. निदान पकडला तरी गेलो नव्हतो.

जुलैत खुराड्यात कोल्हा शिरला. अकरा कोंबड्या आणि कोंबडा, एकही ठेवलं नाही मेल्यानं. क्लॅरीचा चाळीस वर्षांचा वंश टोपलीत उरलेल्या सहा अंड्यांवर आला. ती उबवणीच्या पेटीत ठेवली. पाच फुकट गेली, सहाव्यातून हे निघालं.

"बोटं अशी कशी झाली गं?" मी विचारलं.

नोलानं कात्री खाली ठेवली. "माझ्यामुळं."

"म्हणजे?"

"शेवटचे तीन दिवस झाकण उघडायचं नसतं, ऊब जाते. शेंबड्या पोराला कळतं हे. पण काचेला आतून पाणी धरलं होतं रे. ओलं दिसलं की माझा हात ऐकतच नाही. पाच वेळा पुसलं." तिनं पिल्लाकडं बघितलं. "हे गेलं तर सगळं मीच पुसलं म्हणायचं."

"क्लॅरीला सांगितलंस?"

"त्याला वाटतंय अंड्यातच कस नव्हता. वाटू दे."

मग तिनं टोस्टवर लावायचं काळं व्हेजिमाइट कोमट पाण्यात कालवलं आणि काडीच्या टोकानं थेंब थेंब चोचीला लावलं. बोटांना बळ येतं म्हणे. आमच्याकडं माणसालाही सगळ्यावर हेच औषध.

"दर दोन तासांनी याला पाजायचं," ती म्हणाली, "आणि दोन तासांनीच क्लॅरीला कुशीवर वळवायचं. वेळा जुळवून घेतल्यात."

"आणि तू कधी झोपतेस?"

"अधल्या मधल्या वेळात."

जाताना मी क्लॅरीच्या दारातून डोकावून सांगितलं, की तिसरा दिवस उद्या आहे, कायदा तुझाच आहे. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तेव्हा नोलानं त्याची खुर्ची ढकलत टेबलापाशी आणली होती. चिकटपट्टी भिजवून तिनं बूट सोडवले. पिल्लू उभं राहिलं. डुगडुगलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं आणि तीन पावलं धावून क्लॅरीच्या चष्म्याच्या डबीवर आपटलं.

मी हसलो. नोला नाही हसली.

क्लॅरीनं उजव्या हातानं ते उचललं आणि अंगठ्यानं बोटं चाचपली. तीस वर्षं पोरांच्या आणि बायकांच्या पक्ष्यांना नापास केलेला अंगठा.

"उजव्या पायाचं आतलं बोट वाकडं राहिलं."

"हो," नोला म्हणाली.

"वाकड्या बोटाच्या पक्ष्यापासून पिल्लं काढायची नसतात."

"माहितेय मला." तिनं टेबलाची कड धरली होती.

वंश तिथं संपला. तो त्याच्याच तोंडानं संपला. किटली धुसफुसत होती.

"मग या लेसला कशाला ताटकळत ठेवलंयस?" क्लॅरी म्हणाला. "त्याचं काही काम नाही इथं. चहा दे आणि घालव त्याला."

"बरं," म्हणत नोला क्षणभर टेकली, आणि कप हातात धरून बसल्या जागी झोपली. मी कप काढून घेतला, किटली बंद केली आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो.

क्लॅरी कुजबुजला, "पाच वेळा झाकण उघडलं हिनं. पडल्या पडल्या ऐकत होतो."

"मग हाक मारून थांबवलं का नाहीस, गाढवा?"

"हाक मारली की येते ना ती." तो बायकोकडं बघत राहिला. "दिवसभर तेवढंच करते."

पिल्लू त्याच्या मांडीवर उतरून न उघडणाऱ्या डाव्या मुठीत शिरलं आणि डोळे मिटून बसलं. चहा मिळाला नव्हता, तरी मी उठलो नाही. माझ्याखालची खुर्ची फार करकरते.