दहावी बाटली

रामदासपेठेतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत प्रणाली निनावे सहा वर्षं पाण्याचं वय काढत होती. यावेळी जैसलमेरकडच्या वाळवंटातल्या दहा खोल बोअरच्या बाटल्या आल्या होत्या. एका कंपनीला तिथून कारखान्यासाठी पाणी उपसायचं होतं. ते पाणी पावसानं पुन्हा भरतं की नाही, एवढंच प्रयोगशाळेनं सांगायचं होतं.

साठेक वर्षांपूर्वी अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, तेव्हापासूनच्या पावसाची खूण ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनमधून सापडते. नऊ बाटल्यांत ते औषधालाही नव्हतं. कार्बनच्या चाचणीत त्यांतल्या पाण्याचं वय सहा-सात हजार वर्षं निघालं. म्हणजे उपसलं की संपलं. दहाव्या बाटलीत मात्र ताज्या पावसाइतकं ट्रिटियम होतं.

संचालक दत्तोपंतांनी अहवालात फक्त दहावी बाटली ठेवली. 'भूजलाचे नियमित पुनर्भरण होत आहे.' खाली प्रणालीचं नाव, सहीची जागा कोरी.

"सर, बाकीच्या नऊ कुठे गेल्या?"

"गुंतागुंत नको. उद्या अहवाल जायचाय, सही कर."

प्रणालीनं सही केली नाही. तिनं मिठाच्या चाचणीचे कागद काढले. नऊ बाटल्यांचं पाणी थोडं खारट, दहावीत मीठ जवळजवळ नाहीच. तिनं नमुने आणणाऱ्या रुपरावांना बोलावलं. ते कुहीचे, पन्नाशी ओलांडलेले.

"रुपरावभाऊ, खरं सांगा. दहावी बाटली कुठून भरली?"

ते खाली बघत म्हणाले, "मॅडम, बोअर बंद होता. कंपनीचा मॅनेजर म्हणे, टाक्यातून भरा."

"पावसाचं पाणी साठवतात त्या टाक्यातून? अन् बाटलीवर बोअरचा नंबर लावला? काहून गा?"

"मी सरले फोन केला होता. ते म्हणे, लावून टाक."

प्रणालीची कानशिलं तापली. तिनं रुपरावांकडून हे सगळं लिहून घेतलं आणि कागद दत्तोपंतांच्या टेबलावर आपटला.

"तुमाले माहीत होतं!" सरांपुढे ती कधी अशी बोलत नसे. "तिथली माणसं ते पाणी पिऊन राहिली, सर. ते संपलं तर तुम्ही देणार आहात का दुसरं?"

"आवाज खाली."

"नाही होणार."

तिनं दहाही बाटल्यांचे निकाल आणि रुपरावांचा जबाब उपशाची परवानगी देणाऱ्या कार्यालयाला मेल केला. संध्याकाळपर्यंत तिची नोकरी गेली.

बारा दिवसांनी त्या कार्यालयाकडून उत्तर आलं: परवानगी थांबवली आहे, नमुने आमच्यासमोर पुन्हा घेतले जातील. प्रतापनगरच्या घरी तिनं ते दोनदा वाचलं. सोबत दत्तोपंतांचा खुलासा जोडला होता. त्यात चूक 'नमुना गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्याची' होती आणि त्याला कामावरून काढल्याचं लिहिलं होतं.

तिनं रुपरावांना फोन लावला.

"जाऊ द्या, मॅडम. मी शेतावर, धानाच्या बांधीत आहो. सरसोबत कोण भांडते?"

"जाऊ नाही देत! फोन तुम्ही केला होता, तारीख तुमच्या मोबाईलमधे आहे. काही डिलीट करू नका. मी येऊन राहिली."

तिनं दत्तोपंतांविरुद्ध तक्रार लिहिली, कागद पर्समध्ये टाकला, स्कूटर काढली आणि भर उन्हात कुहीचा रस्ता धरला. तक्रारीवर दोघांच्याही सह्या हव्या होत्या.