आवाज आला की बटण दाबा

मागच्या तपासणीत शेरा पडला होता, 'ढोंग करतात.' तोफखान्यात तोफेपाशी उभं राहून ह्यांचे दोन्ही कान गेले, आणि अपंगत्वाची पेन्शन मागितली तर ढोंगी ठरले. त्या एका शब्दानं ह्यांची अन्नावरची वासनाच उडाली. आज फेरतपासणी होती. आजही तेच निघालं तर दावा कायमचा बंद.

बसमध्ये मी वाटभर ह्यांच्या कानाशी ओरडत होते, "आवाज आला की बटण दाबायचं. उगाच नाही." लोक वळून बघत होते. बघेनात का.

तपासणारी मुलगी आमच्या लेकीच्या वयाची. तिनं ह्यांना काचेच्या बंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि दार लावून घेतलं. ती यंत्राशी येऊन बसते न बसते तोच ह्यांनी बटण दाबलं. दाबलं ते दाबलंच. सोडायचं नाव नाही.

"काकू, मी अजून काही वाजवलंच नाहीये," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. आत शिरून मी हेडफोन ओढून काढले. "अहो, काय चाललंय? काही वाजत नसताना दाबता कशाला?"

"वाजतंय की," हे म्हणाले. "आवाज आला की दाबायचं, असा हुकूम आहे."

मुलगी समोर येऊन मोठ्यानं म्हणाली, "काका, कसला आवाज?"

"बारीक शिट्टी. कुणी बोलत नसलं की येते ती. शांततेची." मग आमची तोंडं बघून म्हणाले, "तुम्हाला नाही येत?"

मुलीनं नकारार्थी मान हलवली. ह्यांना वाटलं, पोरगी चेष्टा करते. म्हणून ह्यांना बाहेर काढून मीच आतल्या खुर्चीत बसले. तिनं दार लावलं. आत माझ्या श्वासाशिवाय काही नव्हतं.

बाहेर आले तर हे वाटच बघत होते. "आली ना?"

"नाही. काहीच नाही आलं."

"काहीच नाही म्हणजे कसं?"

मुलगी म्हणाली, ह्यांच्या कानात सतत शिट्टी वाजत असते, तिलाच हे बटण दाबतात, म्हणून मागचा निकाल चुकला, आता तसं लिहून देते.

"ऐकलंत का, ढोंग नाही म्हणतेय," मी ओरडले.

ह्यांचं लक्ष काचेच्या खोलीकडे होतं. "मलाही होतं का गं कधी तसं? काहीच नाही असं?"

मला कुठून ठाऊक असणार? आमचं लग्न झालं तेव्हाही हे तोफेवरूनच रजा घेऊन आले होते.