पाठीवरचे काळे चिमटे

मित्रांनो, पुतळा म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे चौक येतो, घोडा येतो, उगारलेला हात येतो. मी त्या कुळातला नव्हे. माझ्यावर कबुतरे बसत नाहीत आणि माझ्यासमोर कोणी भाषण ठोकत नाही. मी शिंप्याच्या दुकानातला एक जुना पुतळा आहे. मानेपासून मांडीपर्यंतचे धड, खाली लाकडी दांडा, दांड्याला तीन पाय. डोके नाही, हात नाहीत. म्हणून मला कधी कोणी मत विचारले नाही. डोक्यावाचून ऐकू कसे येते, असे विचाराल, तर एवढेच सांगतो की माझ्या पोटात कापूस भरलेला आहे, आणि कापूस सगळे शोषून घेतो.

मला त्या दुकानाच्या शिंपीमास्तरांनी घडवले. कागदाचा लगदा साच्यात थापून त्यांनी माझे धड केले, त्यावर कापसाचा थर दिला, वरून जाड सुती कापड ताणले आणि शिवण पाठीच्या मधोमध घेतली. अंगाने त्यांनी मला मुद्दाम किरकोळ ठेवले होते. ‘भर घालता येते, तासता येत नाही,’ असे ते म्हणायचे. दुकानात बाई माप द्यायला आली की मास्तर तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत आणि ती गेली की माझ्याकडे वळत. कापसाच्या लांब पट्ट्या माझ्या कमरेला, पोटाला, दंडांच्या मुळाशी गुंडाळत. एखादीचा उजवा खांदा रोजच्या पिशवीने उतरलेला असे. माझाही उजवा खांदा उतरे. मग मास्तर दोन पावले मागे सरत, डोळे बारीक करत आणि म्हणत, “हं. आता आल्या बाई.”

त्यानंतर कापडाला कात्री लागे.

अशा कितीतरी बायका माझ्या अंगावर येऊन गेल्या. शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या बाई, नुकतीच कामाला लागलेली एखादी सडपातळ मुलगी. त्या आल्या याचा मला हर्ष झाला नाही आणि गेल्या याचे दुःखही नाही. टाचणी टोचली तरी मला दुखत नाही. याला कृपा करून सहनशीलता म्हणू नका. आत काही नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे मास्तरांची नजर अधू झाली, सुईत दोरा जाईना, आणि दुकान बंद झाले. मला दोन बहिणी घेऊन गेल्या. निघताना मास्तरांनी कापसाच्या पट्ट्या एका पिशवीत भरून माझ्या दांड्याला बांधल्या. “लागतील,” ते म्हणाले. नव्या घरी धाकटीने ती पिशवी सोडली आणि कपाटावर भिरकावली. तिथे ती धूळ खात पडली.

थोरली बहीण पूर्वी एका विमा कंपनीत होती. एके दिवशी तिचा अख्खा विभागच बंद झाला. टेबल आवरून ती घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत पाण्याची बाटली होती आणि कागद धरायच्या काळ्या चिमट्यांचा एक डबा. दुसरे काही नव्हते. नंतर बरेच महिने ती खिडकीशी बसून असे. धाकटी विचारी, “ताई, काय वाटतंय?” ती म्हणे, “काही नाही वाटत गं.” तिचे हे उत्तर मला चांगले कळे. त्या घरात ते माझ्याइतके कोणाला कळणार!

धाकटीला फोटो काढण्याचा नाद होता. तिनेच ताईला मागे लागून लिहिते केले. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी त्यांनी एक ब्लॉग काढला. मुलाखतीला काय घालावे, बढती कशी मागावी, बैठकीत कोणी मध्येच तोडले तर काय बोलावे, असे सगळे त्यात असे. ताई लिही फार नेटके. लिहिताना तिच्या अंगात मात्र गुडघ्यांवर फुगलेला घरातला पायजमा असे आणि केस पेन्सिलीने वर खोवलेले असत. कॅमेऱ्यासमोर ती कधी उभी राहिली नाही. उभा राहिलो मी. दोघी मला ‘बाईसाहेब’ म्हणत.

“बाईसाहेब बऱ्या आपल्या,” धाकटी म्हणे. “भूक नाही, तहान नाही, आणि फोटो वाईट आला म्हणून रुसणं नाही.”

“आणि डोकंही नाही,” ताई म्हणे. “अगदी मोठ्या हुद्द्याला साजेशा.”

मित्रांनो, आता माझ्या पाठीविषयी सांगतो. कपड्यांची एक कंपनी ब्लॉगसाठी नमुने पाठवू लागली. नमुना यायचा एकाच मापाचा, आणि मी पडलो किरकोळ. कोट माझ्यावर पोत्यासारखा लोंबे. मग धाकटी ताईचा तो डबा उघडी, माझ्या मागे जाई आणि कोटाचे जास्तीचे कापड मुठीत धरून एकेक काळा चिमटा लावी. समोरून कोट कमरेला असा सुबक बसे, जणू माझ्यासाठीच बेतलेला. फोटो समोरून निघे. मास्तर कापडासाठी बाईला बदलत नसत; बाईसाठी मला बदलत. इथे बाईच नव्हती. होते ते कापड, मी आणि चिमटे. ताई मागे येऊन कधी बघत नसे. तिला ठाऊक नव्हते, असे नाही. तिने बघितले नव्हते.

ब्लॉगला नाव मिळाले. बायका लिहीत, ‘तुमचा करडा कोट पाहिला आणि तोच घेतला.’ माझी एवढी वाहवा मास्तरांच्या दुकानात कधी झाली नव्हती. मला काही वाटले नाही.

मग कंपनीने वर्षभराच्या कराराची गोष्ट काढली. तो करार झाला तर ताईला पुन्हा कुठल्या कचेरीच्या दारात उभे राहावे लागणार नव्हते, आणि त्या दाराची तिने किती धास्ती घेतली होती, हे त्या घरात भिंतींनाही ठाऊक होते. कंपनीचे म्हणणे एवढेच की आधी वाचकांचा कौल घ्या, निकाल ब्लॉगवर छापा, तो आम्ही वर दाखवतो. ताईने प्रश्न तयार केले: वय काय, काम काय, कपड्यांवरचे लेख आवडतात की नोकरीवरचे. धाकटी म्हणाली, “आणखी एक टाक. आमच्या सल्ल्याने घेतलेला कपडा अंगाला नीट बसला का? सगळ्या हो म्हणतील. कंपनी खूश.”

ताईने तो प्रश्न टाकला. नाही बसला तर त्याचे काय केलेत, असेही खाली जोडले.

निकाल आला त्या दुपारी दोघी माझ्या पायाशी जमिनीवर बसल्या होत्या. बहुतेक वाचकांना नोकरीवरचे लेख जास्त आवडत होते. ताईचा चेहरा किंचित उजळला. मग तो प्रश्न आला. शंभरातल्या साठांहून अधिक बायकांनी लिहिले होते, ‘नाही.’

“दुकानदाराला परत केला असेल,” धाकटी म्हणाली.

ताईने पुढचे वाचले. परत करणाऱ्या थोड्याच होत्या. बाकीच्यांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट लिहिली होती: लहान मापाचा घेतला, कपाटात ठेवला आहे, बारीक झाले की घालीन. कोणी लिहिले होते, माझेच खांदे बेढब आहेत. कोणी, बाळंतपणानंतर मी अशीच झाले. एकही बाई कोटाला नाव ठेवत नव्हती.

एका वाचकबाईचे उत्तर ताईने मोठ्याने वाचले. “चित्रातल्यासारखा दिसावा म्हणून एक माप लहान घेतला. बढतीच्या मुलाखतीला घालून गेले. बटण लागेना, म्हणून फाईल छातीशी धरून बसले. साहेबांनी हात पुढे केला. मला फाईल सोडता आली नाही.”

धाकटी पायाच्या नखाशी चाळा करत म्हणाली, “सगळेच लावतात गं चिमटे.”

“मी कुठे काय म्हटलं?”

“म्हणाली असतीस तर बरं झालं असतं.”

तेवढ्यात कंपनीच्या माणसाचा फोन आला. धाकटीने तो मोठ्या आवाजावर ठेवला. माणूस गोड बोलणारा होता. “ताई, आकडे बघितले. घाबरू नका हो. ‘बसला नाही’ हे शब्द तेवढे नकोत. असं लिहा, की बहुसंख्य वाचकांनी आमचा कपडा आजही कपाटात जपून ठेवलाय. यात खोटं काय आहे, सांगा.”

“खोटं काही नाही,” ताई म्हणाली.

“मग झालं तर! उद्या छापा, परवा करार.”

फोन बंद झाला. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होते आणि गाडी एकसुरी वाजत होती. धाकटीने हळूच विचारले, “ताई, काय वाटतंय?”

या खेपेस ताईने नेहमीचे उत्तर दिले नाही. ती उठली आणि प्रथमच माझ्या मागे आली. मानेपासून कमरेपर्यंत माझ्या पाठीवर तिच्या जुन्या टेबलावरचे चिमटे ओळीने बसले होते. तिने ते एकेक करून काढले. कोट माझ्यावरून उतरवून तिने आपल्या अंगात घातला आणि आरशापुढे गेली. कमरेशी कोट ढगळ लोंबत होता.

“मी लिहिलं होतं, हा कोट प्रत्येकीला शोभतो,” ती म्हणाली. “मी तो घालून बघितलाच नव्हता गं.”

“आता काय करायचं? करार गेला तर?”

“तर मी नोकरी शोधीन.” हे ती इतक्या सपाट स्वरात म्हणाली की जणू दूध संपले आहे, असे सांगत होती. “चिमटे परत लाव. होते तिथेच. आणि बाईसाहेबांना भिंतीकडे तोंड करून उभं कर.”

“तोंड कुठलं त्यांना!” धाकटी म्हणाली, पण हसली नाही. तिने मला फिरवले, कोट चढवला, चिमटे लावले आणि फोटो काढला.

निकालातले सगळे आकडे जसे होते तसे दुसऱ्या दिवशी छापून आले. वर माझ्या पाठीचे चित्र होते आणि खाली ताईचे दोनच ओळींचे लिखाण: ‘हा कोट तुम्हाला बसला नाही, कारण तो आमच्या पुतळ्यालाही बसला नव्हता. आम्ही तो मागून आवळला होता.’

करार झाला नाही. गोड बोलणाऱ्या माणसाने नमुने परत मागवले. काही वाचक रागावून निघून गेल्या, काही नुसत्याच गप्प झाल्या. आठवडाभराने त्या फाईलवाल्या बाईंची एक ओळ आली. ताईने ती वाचली आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला, जणू मला डोळे होते. लिहिले होते, ‘म्हणजे दोष माझ्या अंगाचा नव्हता तर.’

मित्रांनो, अशा वेळी गोष्टीतल्या पुतळ्याच्या गालावरून अश्रू ओघळतो. मला गाल नाही. मला काहीही वाटले नाही.

पण त्याच संध्याकाळी धाकटीने स्टुलावर चढून कपाटावरची पिशवी काढली, धूळ झटकली आणि पट्ट्या सोडल्या. ताईची मापे घेत ती माझ्या कमरेला, पोटाला, खांद्यांना कापूस गुंडाळत राहिली. ताई कुरकुरत होती, “तिथे एवढा नको गं.” “आहेस तेवढंच लावतेय,” धाकटी म्हणाली. शेवटी ती मागे सरली. मास्तरांना तिने काम करताना कधी पाहिले नव्हते, तरी तिने डोळे तसेच बारीक केले. “ही बघ ताई. आलीस.”

ताई माझ्याभोवती फिरली. मागून तिने स्वतःला कधी पाहिले नव्हते. किंचित वाकलेल्या त्या पाठीवर तिने तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

माझ्यावर चढवून तिने स्वतःचा जुना कोट उसवला आणि पुन्हा शिवला. तो घालून ती आज एका कचेरीच्या दाराशी गेली आहे. ब्लॉग अजून आहे, लहान झाला आहे, आणि त्यात आता पाठीचेही फोटो असतात.

मी कोपऱ्यात तिच्या आकाराने उभा आहे. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. एखादा कपडा तुम्हाला बसला नाही, तर स्वतःला नावे ठेवण्याआधी तो ज्याच्यावर टांगला होता, त्याला एकदा फिरवून बघा. माझ्या पाठीवर आता काही नाही. चिमट्यांनी कापडात पडलेले वळ तेवढे राहिले आहेत. ते दुखत नाहीत.