पाळण्यातला वरवंटा

दाक्षायणीचं चुकलं ते एवढंच, की तिनं वरवंट्याचे लाड जरा जास्त केले. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात. लेकरू दगडासारखं टणक व्हावं म्हणून. तिची सासू काशम्मा म्हणाली होती, "न्हाऊ घाल, तेलाचं बोट लाव, कुंची घाल." पण दाक्षायणीची लेक सातव्या महिन्यातच ऑपरेशन करून काढलेली, काचेच्या पेटीत राहून आलेली. टणकपणाची गरज हिला नाही तर कुणाला? दाक्षायणीनं वाटीभर तेल ओतून वरवंटा बाळासारखा चोळला. उचलायला गेली तर तो हातातून सटकला आणि शहाबादी फरशीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले.

सोलापुरातल्या भवानी पेठेतल्या त्या घरात बायकांची बडबड एकदम थांबली. शेजारच्या एका बाईंना मात्र राहवेना. "अगं बाई, आजच्या दिवशी! आदीच पोरगी नाजूक..." काही माणसांना नेमकं नको तेव्हाच तोंड फुटतं.

वरवंटा बाजारातला नव्हता, काशम्मानं चित्रदुर्गाकडच्या माहेराहून आणलेला. दाक्षायणीचा नवरा नंदीश, नणंद शिवानी, दोघांच्याही आधी तोच पाळण्यात निजलेला.

"अत्ती, बारसं आज नको," ती सासूला कशीबशी म्हणाली. फुटक्या दगडाचा अपशकुन पोरीला जन्मभर चिकटेल, या भीतीनं तिचं रडू आवरेना.

शिवानी विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकत होती. दगड दिसला की ही वाकलीच म्हणून समजा. ओढणीनं तेल पुसून तिनं दोन्ही तुकडे खिडकीपाशी नेले.

"अव्वा, हा आतनं पण हिरवा हाय!"

"असणारच की," काशम्मा म्हणाली. "कोथिंबिरीचा रंग मुरलाय. लई घासलं, जाईना."

"कसली कोथिंबीर? हा समुद्रात जन्मलाय."

"माझ्या माहेरात? तितं प्यायला पाणी न्हाय!"

"आत्ता न्हाय. अडीचशे कोटी वर्षांमागं समुद्र होता. आपला सोलापूरचा काळा दगड त्याच्यापुढं कालचं पोर. समुद्राचा तळ ताणून फाटायचा, फटीतनं वितळलेल्या दगडाचा रस वर यायचा. गार पाणी लागलं की वर लगेच साल धरायची, आत रस तसाच. मग साल तडकायची, त्यातनं रस बाहेर यायचा आन् त्याचा नवा गोळा व्हायचा. उशा रचल्यासारखे गोळ्यावर गोळे. पुढं जमिनी सरकत येऊन एकमेकींना भिडल्या, तळ मधी दाबला गेला, हिरवा पडला आन् डोंगरात वर आला."

मग ती दाक्षायणीजवळ बसली. "वैनी, ही कडेची काळपट पट्टी बघ. दोन्ही तुकड्यांना हाय. ही पाण्यानं धरलेली साल. म्हंजे हे दोन गोळे होते, चिकटलेले. तू फोडला न्हाईस, सांध्यावर सुटलाय."

"समजूत घालतीस व्हय माझी?"

"कापून भिंगाखाली बघितल्याबिगर छातीठोक सांगणार न्हाय. पण आदला तडकायचा, तवाच पुढचा जन्मायचा, हे मात्र खरं हाय."

दाक्षायणीनं त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. दुसरा हात नकळत पोटावरच्या टाक्यांवर गेला. शेजारच्या बाई काही सुचवायला पुढं सरकल्या, तेवढ्यात तिनं डोळे पुसले.

"अत्ती, बारसं आजच करू."

काशम्मानं मोठ्या तुकड्याला कुंची घातली. धाकट्याला कुंची नव्हती. तिनं कपाटातून आपला ठेवणीतला खण काढला आणि त्यात तो गुंडाळला. दोघांना शेजारी शेजारी निजवून पाळण्याला झोका दिला.

"आन् शिवानी, कापायचं तर मोठ्याला काप," तिनं बजावलं. "धाकट्याला हात लावशील तर बघ."

दाक्षायणीनं साबणानं दोनदा हात धुतले, मगच लेकीला उचललं. तिला पाळण्यात ठेवलं आणि नाव सांगायला आत्या कानाशी वाकली, तोच पोरीनं असा टाहो फोडला की शेजारच्या बाई दचकून मागं सरल्या.